नामानंतर येणारं इंग्रजी विशेषण

एका सभेचं इतिवृत्त मराठीतून इंग्रजीत करून देण्याचं काम एकदा माझ्याकडे आलं होतं. त्यात एक साधं वाक्य होतं: 'उपस्थित सदस्यांनी ठराव मंजूर केला.' मी लिहिलं, 'द प्रेझेंट मेंबर्स पास्ड द रेझोल्यूशन.' शब्दाला शब्द जुळला होता आणि व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलीनं 'प्रेझेंट'भोवती गोल केला, तिथून एक बाण काढून तो 'मेंबर्स'च्या पलीकडे नेला आणि समासात तीनच शब्द लिहिले: 'सध्याचे की हजर?'

'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सदस्य, ज्यांची मुदत आत्ता चालू आहे ते. त्यातले निम्मे त्या दिवशी सभेला फिरकलेही नसतील. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे त्या दिवशी हजर असलेले सदस्य. मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत शब्द एकच आहे आणि कोणता अर्थ घ्यायचा ते त्याच्या जागेवरून ठरतं. ठराव कुणी मंजूर केला हा काही किरकोळ मुद्दा नव्हे, म्हणून ती पेन्सिलीची खूण माझ्या कायमची लक्षात राहिली.

इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येतं असं आपण शाळेत शिकतो आणि ते बरोबरच आहे. 'रेड फ्लॉवर', 'टॉल ट्री', मराठीसारखंच. मग पुढच्या इयत्तेत कधीतरी काही 'अपवाद' समोर येतात: 'समथिंग न्यू', 'अटर्नी जनरल', 'द बेस्ट रिझल्ट पॉसिबल' वगैरे. ते पाठ करायचे आणि विसरून जायचे. मला हे अपवाद म्हणणंच पटत नाही. यातल्या बहुतेकांमागे एकच कारण आहे, आणि ते कारण मराठीतही जसंच्या तसं काम करतं. फक्त मराठीत त्याचा परिणाम उलट दिसतो, त्यामुळे आपल्याला ते ओळखू येत नाही.

पण त्याआधी एक घोळ मिटवायला हवा. मराठी व्याकरणात आपण अधिविशेषण आणि विधिविशेषण असे दोन प्रकार शिकतो. 'हुशार मुलगी' यातलं विशेषण नामाच्या आधी येतं, ते अधिविशेषण. 'मुलगी हुशार आहे' यातलं नामानंतर येतं, ते विधिविशेषण. त्यामुळे नामानंतरचं इंग्रजी विशेषण म्हटलं की 'द गर्ल इज क्लेव्हर' असं वाक्य डोळ्यांसमोर येतं. पण इथे मी त्याबद्दल बोलत नाहीये. 'द गर्ल इज क्लेव्हर' मध्ये 'क्लेव्हर' हे नामाच्या गटाबाहेर आहे. मुलीबद्दल काहीतरी सांगण्याचं विधानाचं काम ते करतं. 'द मेंबर्स प्रेझेंट' मध्ये मात्र 'प्रेझेंट' नामाच्या गटातच बसलेलं आहे. कोणते सदस्य, एवढंच ते सांगतं. विधान अजून व्हायचंय.

हा फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे: नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. 'आय फाउंड द रूम एम्प्टी' याचं 'आय फाउंड इट एम्प्टी' होतं. 'एम्प्टी' मागे उरलं, म्हणजे ते गटाबाहेरचं. 'आय नो द पीपल रिस्पॉन्सिबल' याचं मात्र 'आय नो देम' एवढंच होतं. 'रिस्पॉन्सिबल' त्या 'देम'मध्येच सामावलं, म्हणजे ते गटाच्या आतलं. मराठीतही हे करून बघता येतं. 'दार लाल रंगवलं' आणि 'लाल दार रंगवलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात दार आधी कोणत्याही रंगाचं असू शकतं आणि रंगकामानंतर ते लाल झालं. दुसऱ्यात दार आधीपासून लाल होतं, आता ते कदाचित निळं झालं असेल.

आता मूळ कारणाकडे येते. 'चित्रांनी भरलेलं पुस्तक' याचं इंग्रजी काय? मुलं कितीदा तरी 'अ फुल ऑफ पिक्चर्स बुक' असं लिहितात, कारण मराठीत पुस्तकाबद्दलचं सगळं पुस्तकाच्या आधी येतं. बरोबर इंग्रजी आहे 'अ बुक फुल ऑफ पिक्चर्स'. 'फुल' एकटं असतं तर मुकाट्यानं नामाआधी बसलं असतं, जसं 'अ फुल ग्लास'. पण इथे त्याला 'ऑफ पिक्चर्स' असं शेपूट लागलंय. इंग्रजीत विशेषणाचं शेपूट उजवीकडे वाढतं. शेपटासकट विशेषण नामाआधी ठेवलं तर 'बुक'ला जाऊन भिडणारा शब्द 'पिक्चर्स' होईल आणि 'फुल' बिचारं दोन शब्द लांब राहील. इंग्रजीला हे चालत नाही. विशेषण नामाला चिकटलेलं हवं. ते डावीकडून चिकटू शकत नसेल तर उजवीकडून चिकटतं, आणि शेपूट मोकळं लोंबत राहतं.

आता मराठीकडे बघा. 'चित्रांनी भरलेलं पुस्तक' यात 'भरलेलं' हे 'पुस्तक'ला चिकटलेलंच आहे. आपल्याकडे शेपूट डावीकडे वाढतं: 'चित्रांनी' आधी, 'भरलेलं' नंतर. त्यामुळे विशेषण कितीही लांबलं तरी त्याचा मुख्य शब्द नामाला भिडलेलाच राहतो आणि जागा बदलायची वेळच येत नाही. म्हणजे नियम दोन्ही भाषांचा एकच आहे, विशेषणानं नामाचा हात सोडायचा नाही. मराठीत तो हात नेहमी एकाच बाजूनं धरला जातो. इंग्रजीला शेपटाच्या अडचणीमुळे बाजू बदलावी लागते.

हे एकदा दिसलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. 'अ प्राउड फादर' चालतं. 'अ व्हेरी प्राउड फादर'ही चालतं, कारण 'व्हेरी' डावीकडे आहे, 'प्राउड'चा 'फादर'शी स्पर्श सुटत नाही. पण 'लेकीचा अभिमान असलेला बाप' म्हणायचं तर 'अ फादर प्राउड ऑफ हिज डॉटर'. मोजमापाचंही तसंच. 'तीन मीटर खोल खड्डा' हे 'अ होल थ्री मीटर्स डीप' असं म्हणता येतं आणि 'अ थ्री-मीटर-डीप होल' असंही, कारण इथे मोजमाप डावीकडे असल्यामुळे नामाआधी ठेवलं तरी 'डीप' 'होल'ला चिकटलेलंच राहतं. फक्त नामाआधी आलं की 'मीटर' एकवचनी होतं आणि मधे जोडरेघा येतात. 'टेन इयर्स ओल्ड बॉय' ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये बघितली आहे की तिचं उत्तर इथेच देऊन टाकते: 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय', नाहीतर 'अ बॉय टेन इयर्स ओल्ड'. आधी ठेवायचं तर 'इयर', नंतर ठेवायचं तर 'इयर्स'.

शेपूट असूनही विशेषण नामाआधीच ठेवायचं असेल तर इंग्रजीत दोन वाटा आहेत. एक म्हणजे शब्द जोडरेघांनी घट्ट बांधून त्यांचा एकच शब्द करायचा: 'ॲन ईझी-टू-यूज टूल'. दुसरी म्हणजे विशेषण आधी आणि त्याचं शेपूट नामाच्या पलीकडे: 'अ डिफिकल्ट बुक टू रीड', 'अ डिफरंट आन्सर फ्रॉम माइन'. ही दुसरी वाट सगळ्या विशेषणांना मोकळी नाही. 'अ प्राउड फादर ऑफ हिज डॉटर' म्हटलं तर वाक्य बिघडतं.

एवढं कळलं तरी 'द मेंबर्स प्रेझेंट'चं कोडं उरतंच. तिथे शेपूट कुठे आहे? एकच तर शब्द आहे.

माझं म्हणणं असं की शेपूट आहे, फक्त ते दिसत नाही. 'जबाबदार माणूस' हे शब्द ऐकल्यावर आपल्याला भरवशाचा, कामात चोख माणूस दिसतो. 'याला जबाबदार माणूस' म्हटलं की डोळ्यांसमोर भलताच माणूस येतो, ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो. मराठीनं हा फरक 'याला' एवढ्या छोट्या शब्दावर तोलला आहे. इंग्रजीत 'अ रिस्पॉन्सिबल पर्सन' म्हणजे पहिला माणूस आणि 'द पर्सन रिस्पॉन्सिबल' म्हणजे दुसरा. 'रिस्पॉन्सिबल'नंतर 'फॉर इट' म्हणजे 'याला' हे शब्द अध्याहृत आहेत. ते बोलून दाखवले नाहीत तरी विशेषण त्यांच्यासाठी जागा राखून नामाच्या उजवीकडेच राहतं. 'द मेंबर्स प्रेझेंट' मध्ये 'ॲट द मीटिंग' हे शेपूट असंच लपलेलं आहे.

'संबंधित'चं इंग्रजी करताना हे विशेष सांभाळायला लागतं. 'संबंधित पालकांना कळवावे' याचं 'द कन्सर्न्ड पेरेंट्स' केलं तर बारकाईनं वाचणाऱ्याला 'काळजीत पडलेले पालक' असा अर्थ लागू शकतो. 'द पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हटलं की त्या प्रकरणाशी संबंध असलेले पालक. 'ॲन इन्व्हॉल्व्ह्ड स्टोरी' म्हणजे गुंतागुंतीची गोष्ट, 'द पीपल इन्व्हॉल्व्ह्ड' म्हणजे त्या प्रकारात गुंतलेले लोक. 'अ यूज्ड कार' म्हणजे आधी कुणीतरी वापरलेली गाडी, तर 'द मेथड यूज्ड' म्हणजे या कामात वापरलेली पद्धत; ती पद्धत अगदी नवीकोरीही असू शकते. नामाआधी आलं की विशेषण त्या वस्तूचा गुण सांगतं. नामानंतर आलं की त्या वेळची, त्या प्रसंगातली स्थिती.

या भेदाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधणाऱ्यांमध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांचं नाव नेहमी घेतलं जातं. 1967 मध्ये त्यांनी या विषयावर एक लेख लिहिला आणि तेव्हापासून 'व्हिजिबल स्टार्स' आणि 'स्टार्स व्हिजिबल' ही जोडी या चर्चेत येतच राहिली. ती जोडी जवळून बघण्यासारखी आहे. नुसत्या डोळ्यांना दिसू शकतील इतके तेजस्वी तारे साऱ्या आकाशात मिळून साधारण 9,000 धरले जातात. ते 'व्हिजिबल स्टार्स'. भर दुपारीही ते 'व्हिजिबल'च, कारण दिसण्याजोगं असणं हा त्यांचा गुण आहे. पण आज रात्री गच्चीवर उभं राहिलं तर त्यातले निम्मे क्षितिजाखाली असतील, काही ढगांआड, बरेचसे दिव्यांच्या उजेडात बुडालेले. जे उरतील, आत्ता, इथून दिसतील, ते 'द स्टार्स व्हिजिबल'. यात एक बारकावा आहे. नामाआधीच्या 'व्हिजिबल'मधून 'आत्ता दिसणारे' असाही अर्थ प्रसंगानुसार काढता येतो. नामानंतरच्या 'व्हिजिबल'मधून मात्र कायमचा गुण निघत नाही. म्हणजे आधीची जागा दोन्ही अर्थांना सैलपणे घेते, नंतरची एकाच अर्थावर ठाम राहते. कायद्याच्या आणि करारांच्या इंग्रजीत नामानंतरची विशेषणं इतकी का भेटतात, याचं एक कारण मला यात दिसतं.

'-एबल' आणि '-इबल'नं संपणारी विशेषणं या जागेवर फार रमतात: 'द ओन्ली रूम अव्हेलेबल', 'द बेस्ट रिझल्ट पॉसिबल', 'एव्हरी मीन्स इमॅजिनेबल'. पण त्यांना सोबतीला 'ओन्ली', 'बेस्ट', 'एव्हरी' असा एखादा शब्द लागतो. नुसतं 'अ रिझल्ट पॉसिबल' कुणी म्हणत नाही. हिशेबातले 'अकाउंट्स पेएबल' आणि 'अकाउंट्स रिसीव्हेबल' मात्र आता नावंच होऊन बसली आहेत.

'समथिंग न्यू'चं कारण थोडं निराळं आहे, पण ते समजायला मराठी माणसाला एक क्षणही लागू नये. 'सम न्यू थिंग' मध्ये 'न्यू'साठी 'सम' आणि 'थिंग' यांच्यामध्ये जागा आहे. दोघं जुळून 'समथिंग' झालं की ती जागा बुजते. आता विशेषणानं जायचं कुठे? पलीकडे. 'एनीबडी', 'नथिंग', 'एव्हरीवन', 'समव्हेअर' अशा सगळ्या जोडशब्दांचं हेच होतं. आणि मराठीत आपण काय म्हणतो? 'काहीतरी नवीन', 'कुणीतरी ओळखीचं', 'कुठेतरी शांत', 'विशेष काही नाही' आणि 'काही विशेष नाही'. क्रम जवळपास तोच! म्हणूनच 'न्यू समथिंग' अशी चूक मी आजवर कुणा मराठी मुलाच्या वहीत पाहिलेली नाही. जो नियम शिकवताना फळ्यावर चौकट आखून लिहिला जातो, तो मुलांच्या तोंडात आधीपासूनच असतो. ते त्यांना सांगितलं की चेहरे उजळतात.

मग 'अस्लीप', 'अलाइव्ह', 'अफ्लोट', 'अब्लेझ' हा कळप आहे. 'ॲन अस्लीप चाइल्ड' म्हणता येत नाही. 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणावं लागतं, किंवा 'द चाइल्ड अस्लीप इन द नेक्स्ट रूम'. कारण या शब्दांच्या सुरुवातीच्या 'अ'मध्ये दडलंय. जुन्या इंग्रजीत तो 'ऑन' होता. 'अलाइव्ह' म्हणजे मुळात 'ऑन लाइफ', 'अस्लीप' म्हणजे 'ऑन स्लीप'. म्हणजे हे शब्द विशेषण म्हणून जन्मलेच नव्हते, ते 'झोपेत', 'जिवंतपणी' असे शब्दयोगी तुकडे होते. आणि असे तुकडे इंग्रजीत नेहमी नामानंतरच येतात: 'द बुक ऑन द टेबल'. 'ऑन' झिजून 'अ' झाला, दोन शब्दांचा एक झाला, तरी बसायची जागा जुनीच राहिली. 'अवेअर' आणि 'अफ्रेड' यांची कुळकथा वेगळी आहे. 'अफ्रेड' तर फ्रेंचमधून आलेल्या एका क्रियापदाचं कृदन्त. पण दिसायला सारखे असल्यामुळे तेही याच पंगतीत येऊन बसले.

उरलं 'अटर्नी जनरल' आणि त्याचं गोत. इथे शेपूट नाही, ना उघड ना लपलेलं. हे खरंखुरं परकं घराणं आहे.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामानंतर येतं. कोर्टकचेऱ्यांत ही भाषा फार चिवटपणे टिकली. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 मध्ये झाला, तरीही वकील मंडळी पुढे कैक पिढ्या आपली टिपणं एका खास वकिली फ्रेंचमध्ये लिहीत राहिली. कामकाजातून परभाषा पूर्णपणे हटवणारा कायदा अमलात यायला 1733 उजाडलं. इतकी शतकं सोबत राहिलेली पदनामं भाषेबरोबर निघून गेली नाहीत. 'अटर्नी जनरल', 'कोर्ट मार्शल', 'हेअर अपॅरंट', 'नोटरी पब्लिक', 'बॉडी पॉलिटिक' असे शब्द आपल्या मूळ क्रमासकट इंग्रजीत राहून गेले.

यातल्या 'जनरल'चा सेनापतीशी काही संबंध नाही. 'अटर्नी' म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करायचा अधिकार मिळालेला, आपल्या शब्दात मुखत्यार. 'जनरल' म्हणजे एखाद्याच कामापुरता नव्हे तर सगळ्या बाबतींत. मराठी इतिहासाच्या वाचकाला याचा जुळा भाऊ माहीत आहे: महादजी शिंद्यांच्या हकिगतीत येणारं 'वकील-ए-मुतलक' हे पद. 'वकील' नाम, 'मुतलक' म्हणजे संपूर्ण, अनिर्बंध, हे विशेषण, आणि ते नंतर. 'दिवाण-ए-आम', 'दिवाण-ए-खास' यांचीही रचना तीच. फारसीत विशेषण नामानंतर येतं आणि दरबारी पदं, दरबारी दालनं आपला फारसी क्रम घेऊनच मराठीत आली. इंग्रजीत फ्रेंचनं केलं ते आपल्याकडे फारसीनं केलं. आपल्या भाषेनं स्वतः घडवलेलं 'सरचिटणीस' मात्र 'सर' आधी घेऊन येतं, तर इंग्रजीतला 'सेक्रेटरी जनरल' उलट्या क्रमानं.

पुढे तर हा उलटा क्रम इंग्रजीत मानमरातबाची खूण झाला. 'ॲस्ट्रॉनॉमर रॉयल' हे पद 1675 मध्ये निर्माण झालं आणि जॉन फ्लॅमस्टीड पहिले मानकरी ठरले. तोवर इंग्लंडमध्ये घरीदारी फ्रेंच बोललं जाण्याचे दिवस कधीच सरले होते. 'रॉयल ॲस्ट्रॉनॉमर' म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण 'रॉयल' नंतर आलं की पदाला एक जुनेपणाचं वजन येतं, आणि ते वजन हवंसं होतं.

या पदनामांचं अनेकवचन करताना नाम कोणतं आणि विशेषण कोणतं हे माहीत असावंच लागतं. एकाहून जास्त मुखत्यार असतात, जास्त 'जनरल' नसतात. म्हणून 'अटर्नीज जनरल', 'हेअर्स अपॅरंट', 'नोटरीज पब्लिक'. मात्र 'मेजर जनरल'चं अनेकवचन 'मेजर जनरल्स', कारण तिथे 'जनरल' हा खरोखरच सेनाधिकारी आहे, म्हणजे नाम. रोजच्या वापरात 'कोर्ट्स मार्शल'च्या बरोबरीनं 'कोर्ट मार्शल्स' हेही आता रुळलं आहे आणि शब्दकोशही ते स्वीकारतात.

षष्ठीचा प्रत्यय मात्र नामाला लागत नाही, अख्ख्या गटाच्या टोकाला लागतो: एका मुखत्याराचं कार्यालय म्हणजे 'द अटर्नी जनरल्स ऑफिस'. इथला 'जनरल्स' ऐकायला अनेकवचनासारखा वाटतो, पण हा आपला 'चा-ची-चे' आहे, आणि इंग्रजीत लिहिताना त्याच्याआधी वर स्वल्पविरामासारखी खूण येते. मुखत्यार अनेक असले तर अनेकवचन आत आणि षष्ठी टोकाला: 'द अटर्नीज जनरल्स ऑफिसेस'. एकाच नावात दोन 'स', एक नामाचा आणि एक गटाचा.